कोटाचं अस्तर

साडूच्या वागण्यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे शिंप्याने आल्याआल्याच ताडलं होतं. आता सख्ख्या मेहुणीचा नवरा, त्यानेच या परमुलखात बोलावून घेतलेलं, घरात ठेवून घेतलेलं; तेव्हा तोंडावर बोलायची सोय नाही. पण म्हणून माणूस डोळे थोडेच मिटून बसतो?

बघा ना. साडू नोकरीला होता त्या शिवणाच्या दुकानात हाही जायचा; पण अनोळखी गिऱ्हाईक आलं, की साडू याला मागच्या खोलीत पिटाळायचा. "हाक मारेपर्यंत बाहेर येऊ नका." मालक आला की दोघं तिथल्या भाषेत कुजबुजायचे आणि हा दिसला की चिडीचूप. घरी निघताना साडू पुढच्या दाराने, हा मागच्या. आत बसून कोट उसवायचे, अस्तरं बदलायची, काजं करायची ती शिंप्याने, आणि बाहेर शाबासकी घ्यायची ती साडूने. वा रे वा! राबतोय एक, मिरवतोय दुसरा.

"मला कामाचा परवाना मिळू नये, असंच त्याच्या मनात असणार," तो फोनवर बायकोला म्हणाला.

"त्यांच्या मनात काही का असेना, तुम्ही परवाना तेवढा पदरात पाडून घ्या. पोरगी रोज विचारते, बाबांकडे कधी जायचं."

परवान्याशिवाय त्या दोघींना आणता येणार नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी तर कहर झाला. कचेरीतल्या बाकावर साडू कानाशी लागला. "साहेबाने काहीही विचारलं तरी म्हणायचं, इथे अजून सुईला हात लावलेला नाही. बाकी मी बघतो."

सुईला हात नाही! मिसरूड फुटायच्या आधीपासून मशीन चालवणाऱ्या माणसाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बिनकामाचा म्हणून अर्ज फेटाळणार, दुसरं काय?

साहेबाने विचारलं, काम कुठे शिकलात? शिंप्याने वडिलांपासून सुरुवात करून सगळं यथासांग सांगितलं. दुभाषा झालेल्या साडूने ते दोन वाक्यांत गुंडाळलं. आता मात्र शिंप्याची खात्रीच पटली, हा बाबा केसाने गळा कापतोय.

तेवढ्यात साहेब फाईल घ्यायला वळला, त्याचा कोट उघडा पडला आणि आतलं करडं अस्तर दिसलं. खिशाच्या कोपऱ्यावर आडवा दुहेरी टाका. हा टाका वडिलांनी शिकवलेला, या गावात दुसरं कोण घालणार? देव पावला! आता दुभाषा हवाय कुणाला?

तो उठला, सरळ साहेबाच्या कोटाला हात घातला, अस्तर उलटून दाखवलं आणि त्या भाषेतले येत होते तेवढे शब्द फेकले. "हे काम मी! दुकानात! मी!" वर हवेत सुई ओढूनही दाखवली.

साडू पांढराफटक पडला. साहेबाने अस्तर निरखलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय? आवडलं ना त्याला?"

"परवान्याआधी काम केलं तर परत पाठवतात," साडू म्हणाला. "काम देणाऱ्याचाही परवाना जातो. मालक थांबायला तयार नव्हता, दुसरा माणूस घेणार होता. म्हणून तुम्हाला लपवत होतो. साहेब विचारतोय, काम कोणी दिलं?"

शिंप्याच्या पायाखालची जमीन सरकली. "मालकाचं नाव सांगा!"

"आणि दुकानातल्या बाकीच्यांनी काय खायचं?"

साडू साहेबाकडे वळला. एकच शब्द बोलला. तो शब्द शिंप्याला येत होता. "मी." मग त्याने खिशातून स्वतःचा परवाना काढून टेबलावर ठेवला.

बाहेरच्या जिन्यात शिंप्याला हुंदका फुटला. "आधीच का नाही हो सांगितलंत?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुमच्या बायकोने कौतुकाने हेच सांगितलं होतं. खरं कळलं असतं, तर पहिल्याच प्रश्नाला तुमचं तोंड उतरलं असतं."

शिंपी मटकन पायरीवर बसला. साडूने दंडाला धरून त्याला उठवलं.

"चला. घरी मेहुणीला सांगायचंय तुमच्या. परवाना गेला म्हणजे आम्हालाही परत जाणं आलं, पोरांना शाळेतून काढावं लागेल. माझ्या एकट्याच्याने नाही सांगवणार."