साइटचे कपडे

हॉस्पिटलच्या आतल्या साइटला चार रूपं होती आणि सगळं हॉस्पिटल त्यांना 'कपडे' म्हणायचं. पानाचे रंग आणि अक्षरं ठरवणारी ती स्टाइलशीट, हा शब्द हॉस्पिटलच्या साहेबांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा साइट बनवणाऱ्या कोडवाल्यानेच एकदा वैतागून सांगितलं होतं, "साहेब, अंग तेच, फक्त कपडे वेगळे." शब्द चिकटला. पांढरे, निळे, हिरवे आणि काळे. पानाच्या कोपऱ्यात एक बटण होतं. ज्याला जे आवडेल ते त्याने घालावं, आपल्यापुरतं.

काळे कपडे कोडवाल्याने ताईसाठी शिवले होते. काळ्याकुट्ट पानावर पिवळी, अंगठ्याएवढी अक्षरं. ताई, त्याची सख्खी मोठी बहीण, खाली चौकशीच्या खिडकीत बसायची. आज कोणता डॉक्टर कोणत्या खोलीत, हे साइटवर बघून रांगेतल्या माणसांना सांगायचं, हेच तिचं काम. आणि तिच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. पांढऱ्या पानावर तिला नुसता भगभगीत उजेड दिसायचा. हे घरात दोघांना ठाऊक होतं, हॉस्पिटलात कोणालाच नाही. कळलं असतं तर खिडकी गेली असती. एवढं मोठं हॉस्पिटल, पण आपल्याच माणसाला काही झालं की दार दाखवायला पहिलं.

शेजारच्या खिडकीतली बाई टोमणा मारायची, "अहो, सारखा अंधार करून काय बसता?"

"उजेडात तुमचं तोंड दिसतं ना, म्हणून," ताई म्हणायची. दोघी हसायच्या, विषय मिटायचा.

मग एक दिवस साहेबांनी कोडवाल्याला बोलावून घेतलं. शेजारी कारकून वही सरसावून उभा.

"एका हॉस्पिटलला चार तोंडं कशाला?" साहेब म्हणाले. "काल विश्वस्त आले होते. एका टेबलावर निळं, एका टेबलावर हिरवं. शोभतं का? ते बटण काढून टाका. कपडे कोणते ते ॲडमिन ठरवेल आणि सगळे तेच घालतील."

"ॲडमिन म्हणजे…"

"म्हणजे मी! दारावरची पाटी वाचता येत नाही का?"

पाटीवर 'प्रशासक' लिहिलं होतं. साइटचा ॲडमिन आणि हॉस्पिटलचा ॲडमिन यांत फरक असतो, हे त्यांना कोण समजावणार!

"साहेब, एखाद्याला मोठी अक्षरं लागत असतील…"

"ज्याला दिसत नाही त्याने डोळ्यांच्या विभागात जावं. आपल्याच इमारतीत आहे, वरच्या मजल्यावर!"

साहेब स्वतःच्या विनोदावर खदखदून हसले. कारकून हसला. आणि कोडवालाही हसला. ताईचं नाव ओठांवर आलं होतं, ते गिळून तो हसला.

मग त्याने सांगितलं तसं केलं. पान पाठवण्याआधी सर्व्हर आता विचारणार होता, हा माणूस कोण? ॲडमिन असेल तर त्याला कपड्यांची यादी दाखव, तो निवडेल ते सगळ्यांना चढव. बाकीच्यांनी गप्प घालावं. साहेबांनी पांढरे निवडले. त्याच कोडच्या पोटात कोडवाल्याने चार ओळी लपवल्या. चौकशीच्या खिडकीतून ताई आली तर तिलाही ॲडमिन समज, पण तिची निवड तिच्यापुरतीच ठेव.

"ताई, तुला ॲडमिन केलंय," घरी आल्यावर त्याने सांगितलं.

"अगं बाई! म्हणजे आता साहेबांच्या शेजारी माझी खुर्ची?"

"कुठे बोलू नकोस."

"साहेबीण झाले आणि मिरवायचंही नाही? मग उपयोग काय रे, मेल्या?" ती हसली, पण लगेच तिचा आवाज उतरला. "कोणाला दिसणार नाही ना? नक्की?"

"तपासलंय मी."

तपासलं होतं, खोटं नाही. पण आपल्या मशीनवर, एकट्याने. हॉस्पिटलच्या सर्व्हरवर शेकडो माणसं एकदम तुटून पडतात. तो हळू चालतो म्हणून साहेब ओरडले होते, तेव्हा कोडवाल्यानेच त्याला एक सवय लावली होती. एकदा शिजवलेलं पान भरून ठेवायचं आणि पुढच्या सगळ्यांना तेच वाढायचं. ही सवय तो साफ विसरला.

दुसऱ्या दिवशी रांग लागायच्या आत ताई आली, नेहमीसारखीच सगळ्यांच्या आधी. सगळ्या खोल्या एकदा डोक्यात घालून घ्यायची तिची पद्धत होती. तिने पान उघडलं. सर्व्हरने ते काळ्या कपड्यांत शिजवलं आणि भरून ठेवलं.

मग जो कोणी साइट उघडेल त्याच्यासमोर अंधार. वॉर्डांत, औषधांच्या काउंटरवर, साहेबांच्या टेबलावर, दर्शनी हॉलच्या मोठ्या पडद्यावर. "हॅक झालं, हॅक झालं!" कारकून जिन्यावरून ओरडत पळाला. घाईघाईत कोडवाल्याने सर्व्हरवर साठवलेलं सगळं पुसलं आणि तो खाली धावला.

हॉलमध्ये घोळका जमला होता. मध्ये साहेब.

"बिघाड होता साहेब, निस्तरला," कोडवाला म्हणाला.

तिथेच सगळं संपलं असतं. पण शेजारची बाई, मनात काही पाप नसताना, हसत बोलून गेली, "अय्या, हा तर आमच्या बाईंचा अंधार!"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

"चूक माझी आहे साहेब. मी त्यांना…"

"तुमचं नंतर बघतो." साहेब खिडकीच्या आत गेले. "बाई, तुम्हाला काळंच का लागतं हो?"

"आवडतं, साहेब."

"आता पांढरं आहे. वाचा बघू."

ताईने मान ताठ केली, चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "हाडांचे डॉक्टर, तळमजला, लिफ्टशेजारची खोली. मुलांचे डॉक्टर, पहिला मजला, डावीकडून दुसरी…"

खिडकीबाहेर एक म्हातारा कान देऊन ऐकत होता. "लिफ्टशेजारी ना? बरं झालं बाई," म्हणाला आणि काठी टेकत त्या बाजूला निघाला. माहिती अगदी बरोबर होती.

कोडवाल्याने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. घाईत त्याने सगळ्यांच्या लॉगिनच्या ओळखीही पुसल्या होत्या. साइटने प्रत्येकाला बाहेर काढलं होतं. पांढऱ्या पडद्यावर एकही खोली नव्हती, एकही डॉक्टर नव्हता. नाव आणि पासवर्ड टाकायच्या दोन रिकाम्या चौकटी, बस्स.

साहेबांनाही ते दिसलं. कारकुनाला दिसलं. शेजारच्या बाईने तोंडावर हात दाबला.

"…कानांचे डॉक्टर, त्याच मजल्यावर, टोकाला," ताई वाचतच होती. अडखळत नव्हती. मध्ये बोटाने पडद्यावरची ओळही पुढे सरकवत होती.

"पुरे, बाई," साहेब म्हणाले. आवाज चक्क मऊ होता, आणि तो मऊपणा ऐकून कोडवाल्याला कळलं की आता काही उरलं नाही.

"अजून खूप आहे साहेब. सगळं दिसतंय मला."

"ताई," कोडवाला म्हणाला. "थांब."

हॉस्पिटलात तो तिला कधी ताई म्हणत नसे. तिचं बोट पडद्यावर तिथेच राहिलं.

"पान कुठलं आहे रे?" तिने हळूच विचारलं.