नाण्यावरची पाठमोरी जोडी

रोमनं दाकिया जिंकल्याचं सोन्याचं नाणं पाडायचं ठरलं आणि ठसा कोरायचं काम नीकांदरकडे आलं. मधोमध जिंकलेल्या शस्त्रांचा खांब, एका अंगाला हात बांधलेला दाढीवाला कैदी, दुसऱ्या अंगाला ढालींवर बसून रडणारी बाई. बाई घरातच होती. झिया, युद्धानंतर बाजारातून आणलेली दाकियन दासी.

"पुरुष कुठून आणू?" नीकांदर पुटपुटला.

"मालक, आखाड्याच्या कोठडीत आमची माणसं आहेत," झिया चटकन म्हणाली. "त्यात मुकापोर म्हणून आहे एक. उंचापुरा, छातीपर्यंत दाढी. नाण्यावर शोभेल."

तो तिथं असल्याचं तिला हौदावर पाणी भरताना कळलं होतं. तो आपला नवरा, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

पहारेकऱ्यांची मनधरणी करून नीकांदरनं त्याला एका दिवसापुरता आणला. उद्याच्या खेळांत त्याला श्वापदांपुढे सोडायचं होतं.

खांबाच्या दोन बाजूंना दोघं, पाठीला पाठ. "मान वळवायची नाही," नीकांदरनं बजावलं. "हरलेली माणसं एकमेकांकडे बघत नसतात."

"झिये, वाळलीस की गं," मुकापोर आपल्या भाषेत हळूच म्हणाला.

"आणि तू? बोकडासारखी दाढी वाढवलीस ती!"

तो हसला. मग दबकत म्हणाला, "तार्बस?"

पोरगं रोमच्या वाटेवरच तापानं गेलं होतं. सैनिकांनी पुरायलासुद्धा थांबू दिलं नव्हतं.

"आहे की. खाऊन खाऊन गुबगुबीत झालाय. भांडतो तेसुद्धा इथल्या बोलीत."

"बोलाव ना त्याला."

"मालकिणीबरोबर समुद्राकाठच्या घरी गेलाय रे."

"कुणाच्या वळणावर गेलाय?"

"तुझ्याच. हट्टी मेला..."

शब्द तोंडातून गेला आणि तिला हुंदका फुटला.

"अश्शीच राहा!" नीकांदर ओरडला. "हेच हवं होतं मला!"

"रडतेस का गं?" मुकापोरनं विचारलं.

"मालकानं सांगितलंय रडायला. नाण्यासाठी."

संध्याकाळी पहारेकरी आले. दारात मुकापोरनं मान वळवलीच. त्याचा चेहरा उजळला होता.

"त्याला मेंढ्या राखायला शिकव."

"शिकवते," झिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आखाड्याकडून मोठी आरोळी उठली. झिया चूल फुंकत होती. निखारे केव्हाच फुलले होते, तरी ती फुंकतच राहिली.