उसवून बांधलेलं खुराडं

मी परसातलं खुराडं. वाकडं आहे, ते मलाही ठाऊक आहे. आधी हसून घ्या, मग ऐका.

मला बांधलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. उभ्या गल्लीचे कपडे बेतणाऱ्या हातांना लाकडाचं काय एवढं, असं त्यांना वाटलं. कोंबड्या आधी आल्या, फळ्या मागून. तोवर चौघींचा मुक्काम न्हाणीघरात. सासूबाई रोज बादली घेऊन दाराशी उभ्या, "अगं, आधी आंघोळ मी करू की तुझ्या लेकी?"

बाईंनी फळ्या कापडासारख्या कापल्या, शिलाईला दोन बोटं जास्त सोडून! माझी एक बाजू दुसरीशी जुळेना. खिळे वाकले, अंगठा ठेचला. दार आत उघडायचं आणि कोंबड्यांच्या बसायच्या दांडीवर अडायचं.

"दार आहे की रुसलेला जावई?" नवरा हसला.

"अहो, हसण्यापेक्षा फळी धरा."

कसंबसं मी उभं राहिलं. कोंबड्या आत आल्या आणि दुसऱ्याच दुपारी मुंगूस आलं. माझ्या जाळीची भोकं मोठी. त्यानं तोंड घालून तांबडीचा पंख धरला. कलकलाट ऐकून बाई धावल्या, मुंगूस पळालं. तांबडी वाचली, पण पंख फाटला.

हळद लावता लावता बाईंचे डोळे भरले. "नाही जमायचं मला. देऊन टाकते सगळ्या."

सासूबाई शेजारी बसल्या. "पहिला सदरा शिवलास, तेव्हा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या होत्यास. काय केलंस?"

"उसवला."

"मग हेही उसव."

बाईंनी मला फळी फळी करून सोडवलं. जाळी बारीक आणली, दार बाहेर उघडणारं केलं. फळ्या धरल्या सासूबाईंनी, आणि हुकूमही त्यांनीच सोडले.

परवा सोसाट्याचा वारा सुटला. शेजारचा पत्रा उडाला. मी जागचं हललं नाही. मुंगूस अजून येतं, एक फेरी मारतं, मुकाट निघून जातं. कुणी मला बघायला आलं, की सासूबाई पुढे होऊन सांगतात, "आम्ही बांधलंय."

तुम्हीही या कधी. फक्त आत्ता जरा हळू बोला. तांबडी अंडं घालायला बसली आहे.