सोड्याचा सातवा चमचा

लोकर रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तरांनी हंड्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. जांभळा पुन्हा लालीवर गेला होता. लोकर तीच, लाकडाच्या भुशातून काढलेला रंग तोच, पाणी तळ्याचंच. त्यांनी मुकाट्याने सोड्याचा सातवा चमचा टाकला. लाली उतरली, जांभळा जागेवर आला. मास्तरांनी भिंतीवर खडूने सातवी रेघ ओढली. दर वाढीव चमच्याला एक रेघ; वर्षभरापूर्वी तिथे एकच होती.

या भल्या माणसाने रंग कधी बिघडू दिला नाही. पण तो का बिघडतो, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर भारी विश्वास ना! पूर्वी कारखान्याचं सांडपाणी कधी लाल, कधी निळं होऊन तळ्यात जायचं आणि सारं गाव बोंब मारायचं. मग मालकाने रंग काढून टाकणारं यंत्र बसवलं. तेव्हापासून मास्तर रोज सकाळी ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरत आणि कागदावर लिहीत, 'रंग नाही.' खाली सही त्यांचीच. त्या यंत्रात किती आम्ल ओततात, हे त्यांना ठाऊक होतं. पण आम्लाला रंग नसतो.

तळं तर असं निळंशार झालं होतं, की लोक मुद्दाम बघायला येत. फक्त पाणी तपासणारी बाई खूश नव्हती. त्या दिवशी ती काठाला होडी बांधत होती. हातात दोरीला अडकवलेली पांढरी तबकडी.

"काय बाई, आता तरी झालं ना मनासारखं?" मास्तरांनी छेडलं.

"मास्तर, पूर्वी ही तबकडी दोन हात खाली गेली की दिसेनाशी व्हायची. आज तळाला टेकली तरी दिसते. हिरवटपणा जिवंत पाण्याला असतो, शेवाळामुळे. यात आता काही जगतच नाही. पाणी आंबट झालंय."

"तुम्हाला घाण चालत नाही नि स्वच्छही चालत नाही," मास्तर हसत म्हणाले आणि कारखान्याकडे वळले. चार पावलांवर थबकले. आंबट. म्हणून तर सोडा लागत होता. आणि घरच्या नळालाही हेच पाणी यायचं.

ते झपाझप घरी आले. त्यांच्याजवळच राहणारी लेक बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. नातू सहा महिन्यांचा. दूध पावडरीचं, नळाच्या पाण्यात कालवलेलं.

"बाबा, आजही ओकला. पाय पोटाशी घेऊन रडतोय नुसता. सगळे म्हणतात, दात येत असतील."

आत बायको बेसिन घासत होती. "रंगाऱ्याचं घर हे! बेसिनलासुद्धा रंग चढलाय. घासून घासून हात दुखले, पण जाईल तर शपथ."

नळाखाली पांढऱ्या बेसिनवर हिरवट निळा ओघळ उतरला होता. मास्तरांनी त्यावर बोट फिरवलं. हा रंग त्यांनी तीस वर्षं पोत्यांतून उपसला होता. मोरचूद, म्हणजे तांबंच. तळ्याचं आंबट पाणी घरातले तांब्याचे नळ खात येत होतं, आणि बाळ ते पीत होतं.

त्यांनी बाळाची दुधाने भरलेली बाटली मोरीत उपडी केली. "चप्पल घाल," ते लेकीला म्हणाले, "दवाखान्यात चल. आत्ता."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाळाचं पोट दाबून पाहिलं. हसल्या नाहीत.

"हे पाणी असं कधीपासून आहे? नेमकं सांगता येईल कुणाला?"

"आम्हाला कसं कळणार?" लेक रडकुंडीला आली. "काचेसारखं दिसत होतं हो पाणी!"

मास्तरांना खडूची दुसरी रेघ आठवली. ती ओढली त्या संध्याकाळी लेकीने त्यांना हसत सांगितलं होतं, की बाळ आज पहिल्यांदा पोटात हललं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "हा जन्मायच्या आधीपासून."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग बाळाला उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, बापापासून लांबच्या.