मल्लव्वाची पसंती

घर कुठल्या वस्तीत घ्यायचं हे ठरवायचा मान मल्लव्वाला मिळाला होता. गाव सोडायचं की नाही, हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं. श्रावणात ती न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि लेकानं तिकडं कोचीत बसूनच निकाल लावला, की म्हातारीला आता गावाकडं, कोहिनूरला, एकटीला ठेवायचं नाही.

प्रशांतकुमार तसा गुणाचा. रजा काढून आला, आईला बाजेवर नीट टेकवून बसवलं आणि मोबाइल तिच्या नाकाशी धरला.

"हे बघ अव्वा. ह्या नव्या बिल्डिंगी. लिफ्ट हाय, खालीच दवाखाना. आन् हे जुनं बंदर. जहाजाचा माल ठेवायची गोदामं होती, ती आता नवी करायलेत. हाटेलं, दुकानं, फिरायला फरशीचा रस्ता. तू म्हणशील तिथं घेऊ."

मल्लव्वा बघत होती. जिकडं तिकडं पाणी. एवढ्या पाण्याचं हे लोक करतात तरी काय, कोण जाणे. तिच्या जिवाला वेगळाच घोर होता आणि लिफ्टनं तो मिटणारा नव्हता. शेताच्या बांधाला लिंबाखाली तिच्या नवऱ्याची, गुरुशांतप्पांची समाधी होती. त्यांच्या लिंगायत घरात माणसाला जाळत नाहीत. हातावर इष्टलिंग ठेवून, बसवून माती देतात. समाधीशेजारची चार हात जागा मल्लव्वाची. तिथं नांगर घालायचा नाही, हे शेत कसणाऱ्या बटईदारालाही ठाऊक होतं.

शेजारची यल्लम्मा अशीच लेकाकडं पुण्याला गेली होती. ऐन वेळी लेकाला जागा सापडली नाही, त्यानं तिला विजेच्या भट्टीत घातलं आणि गावाला राखेचा तांब्या घेऊन आला. त्या दिवशी मल्लव्वाला जेवण गेलं नाही.

"तिकडं आपल्यात माती देतात ती जागा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कामून असलं बोलायलीस, अव्वा?"

"मग मला हितं आणशील?"

"हजाराच्या वर किलोमीटर हाय." प्रशांतकुमारनं मान खाजवली. "बघू की."

त्याचं 'बघू की' म्हणजे नाही, हे तिला त्याच्या शाळेपासून माहीत होतं. रागवावं तर कुणावर? पोरगं खोटं बोलत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

तो एकेक फोटो सरकवत राहिला. जुन्या बंदराच्या एका फोटोत देऊळ नाही, मशीद नाही असं काहीतरी उंच होतं, आणि त्याच्या कडेला, भिंतीआड, गवतात ओळीनं दगड बसवलेले. मल्लव्वानं त्याचा हात धरला.

"हितं घे. ह्याच वस्तीत."

प्रशांतकुमार हरखला. तिथल्या तिथं बायकोला फोन लावला. "दानेश्वरी, अव्वाला समुद्र आवडला बघ."

फोन ठेवल्यावर मल्लव्वा हळूच म्हणाली, "त्या भिंतीआड दुसऱ्यांना घेतात का, तेवढं विचार. आपण त्यांच्यातले न्हाई, व्हय. पर माती तर हाय."

त्यानं फोटो मोठा करून बघितला, ते दगड कबरींचे होते, आणि आईला काय आवडलं होतं ते त्याला आत्ता कळलं. त्यानं मोबाइल खाली ठेवला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "तिथं आता कुणालाच घेत न्हाईत, अव्वा. शंभर वर्षं झाली बंद हाय. फाटकाला कुलूप. लोक बाहेरनं फोटो काढतेत."

मल्लव्वानं मान हलवली. तो तिचे पाय चेपू लागला. त्याला दुसरं काय सुचणार?

"मग कुठं घेऊ? सांग की."

"तुझ्या मनानं घे रे," ती म्हणाली. "राहायला मला कुठं बी चालतंय."