सोपानच्या कमरेची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नव्हे, शाळेतली तर नव्हेच. मेंढरांच्या संगतीनं रानोमाळ हिंडून कड झिजलेली, मुठीत मावेल एवढी पितळेची घंटी. वसमतच्या एका ओताऱ्यानं मला घडवलं. तापलेलं पितळ साच्यात ओतलं, निवल्यावर घासलं, पोटात लोखंडाचा लोळा अडकवला आणि कानाशी धरून हलवलं. "नाद आला," एवढंच तो म्हणाला. तो माझा जन्म.

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात मसाजी नावाच्या मेंढपाळानं मला पसंत केलं. त्याच्या कळपापुढं चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात मी गेले. शेळी वळली की मी वाजायची, मी वाजले की मेंढरं वळायची. उसाच्या आड, ओढ्याच्या घळीत कळप दिसेनासा झाला, तरी मसाजी बाभळीखाली निवांत बसे. कुणी हटकलं तर म्हणे, "घंटी ऐकू येऊन राहिली न्हवं, मग काहून धावायचं?"

पुढं मसाजीचे गुडघे गेले. मेंढरं विकली. दारात दोन शेळ्या उरल्या आणि मी खुंटीवर गेले. चुलीचा धूर माझ्यावर बसत राहिला. कोळ्यानं माझ्या तोंडात जाळं विणलं. येता-जाता कुणाचा धक्का लागला, तर मी दबका एखादा सूर काढी. तोही कुणी ऐकत नसे.

मग सोपान चालायला लागला. मसाजीचा नातू, शिवहार आणि राधिकाचं लेकरू. चालायला कसला, पळायलाच लागला. घरामागं विहीर, पुढं रस्ता, आणि घरची सगळी माणसं कामात. मसाजीनं मला खुंटीवरून उतरवलं, चिंचेनं लख्ख घासलं आणि सोपानच्या करदोड्यात ओवलं.

"नातवाची शेळी केली का?" चंद्रभागाबाईनं नवऱ्याला टोमणा मारला.

"आपल्या कळपात आता एवढंच कोकरू राहिलं," मसाजी म्हणाला.

त्या दिवसापासून मी पुन्हा वाजू लागले. ओसरीवर वाजे, गोठ्यात वाजे, तुळशीभोवती वाजे. भाकरी थापताना राधिकाचा कान माझ्याकडे असे. मी थांबले की ती उठून बघे. बहुतेक वेळा लेकरू माती खात बसलेलं असे. सोपानला हाक मारायची कुणाला गरजच पडत नव्हती. घंटी वाजते तिथं जायचं आणि उचलून आणायचं.

आणि म्हणूनच, मित्रांनो, कुणाच्या ध्यानात आलं नाही की सोपान हाकेला वळतच नाही.

मला मात्र ते कळलं होतं. शेळी माझ्या नादासरशी कान टवकारायची. सोपान मी वाजले काय, थांबले काय, तसाच. माझा नाद घरभर जाई, शेजारी जाई, रस्त्यापलीकडं जाई. ज्याच्या अंगावर मी होते, त्याच्यापर्यंत मात्र तो पोचत नव्हता.

दिवस मावळला की राधिका त्याला मांडीवर घेऊन गाई.

निज रे सोपाना, चांदणं आलं दारी
पाखरू गेलं झाडी, मेंढरू आलं घरी

सोपान आपला इवला तळहात आईच्या गळ्यावर ठेवी. गळा थरथरत राही आणि तो टक लावून तिच्या ओठांकडं बघत झोपी जाई. "गाण्याचं काय वेड हाय लेकराला," सगळे कौतुक करत. राधिकाही हसे.

भादव्यात एका संध्याकाळी वीज गेली. राधिका पिठात हात घालून बसली होती. अंधारात सोपान रडू लागला, तशी ती बसल्या जागेवरून गाऊ लागली. ती गात राहिली, तो रडत राहिला. चाचपडत तो जवळ आला आणि त्याचा हात तिच्या गळ्याला लागला, तेव्हाच तो गप्प झाला. राधिकाचं गाणं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सासूपाशी विषय काढला. "आत्याबाई, सोपान आवाजाला वळत न्हाई. कानाची काही तकलीफ असंल का?"

"शिवहारबी तीन वर्साचा होईस्तोवर बोलत नव्हता," चंद्रभागाबाई म्हणाली. "आता बघ, बाजारात गिऱ्हाइकाला बोलू देत न्हाई."

"त्यांना ऐकू तर येत व्हतं न."

"लेकराला असं नाव ठेवू नको, राधिका." चंद्रभागाबाईचा आवाज एकदम बारीक झाला. ती रागावली नव्हती, भ्याली होती.

शिवहार म्हणाला, "सोयाबीन निघू दे, मग बघू दवाखान्याचं."

आश्विनाचं ऊन तापलं. कापलेल्या सोयाबीनची गंजी मळणी यंत्रात गेली, धुरळा उडाला, पोती भरली. यंत्र थांबलं तसं रान एकदम गप्प झालं. सोपान धसकटांतून पळत होता. एका धसाला करदोडा अडकला, तटकन तुटला आणि मी भुईवर पडले. माझा आवाज थांबला. बाभळीखाली लेकरू निजलं असेल, असं जो तो समजला.

ट्रॅक्टरवाल्या शंकरसिंगनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. त्याला पोत्यांआड काही दिसत नव्हतं. मागच्या चाकाजवळ सोपान पाठमोरा बसून सांडलेले दाणे वेचत होता.

"सोपान, सरक तिथून," शिवहार लांबून ओरडला. पुन्हा ओरडला. कुणीतरी आहे असं वाटून शंकरसिंगनं हॉर्न दाबला. मी मातीत पडून सगळं बघत होते, आणि माझा लोळा मातीनं गच्च झाला होता. सोपान दाणे वेचत राहिला.

शिवहार धावला. त्यानं दंडाला धरून लेकराला ओढलं आणि त्याच जागेवरून चाक गेलं.

भीतीच्या भरात शिवहारनं सोपानच्या गालावर चापट मारली. "किती हाका मारल्या. कानात बोळे घातले का?"

सोपान बापाच्या तोंडाकडं बघत राहिला. मार कशाचा, हे त्याला कळलंच नव्हतं.

राधिका पळत आली. तिनं मला मातीतून उचललं, पदरानं पुसलं. सोपानला मसाजीकडं तोंड करून उभं केलं आणि मागून, अगदी त्याच्या कानाशी, मला वाजवलं. मी होता नव्हता तेवढा जीव लावून वाजले. दूरच्या शेतातल्या बायांनी माना वळवल्या. सोपान आज्याच्या मिशीत अडकलेलं भूस बघून रडता रडता हसला.

चंद्रभागाबाई मटकन खाली बसली. "अजून एकदा वाजव, माय."

"आत्याबाई, आणखी किती वाजवू?"

शंकरसिंगनं ट्रॅक्टर बंद केला.

आज आम्ही हिंगोलीच्या बसची वाट बघत फाट्यावर उभे आहोत. डॉक्टरला दाखवायला राधिकानं मला पिशवीत घेतलं आहे. शिवहारच्या घशाखाली कालपासून घास उतरलेला नाही. चुकलो म्हणावं तर लेकराला ऐकू कसं जावं? मघाशी तो सोपानसमोर उकिडवा बसला आणि त्यानं स्वतःचे दोन्ही कान धरले. सोपानला तो खेळ वाटला. त्यानंही आपले चिमुकले कान धरले आणि खदखदून हसला. शिवहारनं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

डॉक्टर काय सांगतील, मला ठाऊक नाही. कानाला यंत्र लावतात म्हणे. माझं मागणं तुमच्यापाशी आहे. तुमच्या घरात धाकटं भावंड असेल, तर एकदा त्याच्यामागं उभे राहून हळूच नाव घ्या. ते वळलं नाही, तर त्याला हट्टी म्हणू नका, मारू नका. घरात सांगा. ऐकलं नाही कुणी, तर पुन्हा सांगा.

धुरळा उडवत बस आली. शिवहारनं सोपानला हाक मारली नाही. तो चार पावलं चालून त्याच्यापुढं गेला, लेकरानं मान वर करून बघेपर्यंत थांबला, आणि मग हात पुढं केला.