खाणीतली खडी

वैमानिक हॅव्हरकॅम्पने स्ट्रिकलरची कॉलर धरली, तेव्हा उलटलेल्या विमानातून अजून धूर निघत होता. आत हॅव्हरकॅम्पचा दोस्त होता. सात आठवडे दोघे एकाच तंबूत राहिले होते.

"तुझ्या चिखलानं मारलं त्याला," हॅव्हरकॅम्प म्हणाला. "जपान्यांना जमलं नाही, ते तू करून दाखवलंस."

आम्ही वीसेक जण फावडी टेकून उभे होतो. स्ट्रिकलर कॉलर सुटेपर्यंत हलला नाही. मग म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा. खड्डा पुन्हा उकरायचाय."

हॅव्हरकॅम्प त्याच्या बुटांवर थुंकला आणि निघून गेला.

प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटावरची ही धावपट्टी जपान्यांनीच बांधायला घेतली होती. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकनांनी ती हिसकावली आणि पुरी केली. तेव्हापासून ती परत मिळवण्यासाठी ते जिवावर उदार झाले होते. रोज दुपारी बाराच्या सुमारास त्यांची बॉम्बफेकी विमानं यायची, समुद्रातून त्यांच्या युद्धनौका तोफा डागायच्या, पलीकडच्या जंगलात त्यांचे शिपाई दबा धरून असायचे. आमची विमानं उडत होती तोवर बेट आमचं होतं. आणि विमानं उडायची तर पट्टीवरचे खड्डे तासाभरात बुजायला हवेत. ते काम आमच्या बांधकाम पलटणीचं.

वेंडेल स्ट्रिकलर आमचा रोलर चालवायचा. रोलरही जपान्यांनी मागे टाकलेलाच. स्ट्रिकलरचं वय चव्वेचाळीस, म्हणून पोरं त्याला म्हातारा म्हणत. कॅन्ससमध्ये वीस वर्षं त्याने जिल्ह्याचे रस्ते केले होते. रस्ता चांगला असला की करणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, हे त्याला पाठ होतं. बोलणं कमी. बोललाच तर कामातली चूक दाखवायला. त्यामुळे तो कुणाचा लाडका नव्हताच.

मी लोमॅक्स, ट्रक ड्रायव्हर. ज्या खड्ड्यात ते विमान रुतून उलटलं, तो माझ्या ट्रकने भरला होता.

आदल्या दिवशी खडीच्या खाणीवर जंगलातून गोळ्या येत होत्या. मी अर्ध्या वाटेवर थांबलो, ट्रक वळवला आणि नदीकाठची ओली माती भरून आणली. वर पट्टीकडेला उरलेली थोडी खडी पसरली. स्ट्रिकलरने रोलरवरून ओरडून विचारलं होतं, खाणीतली आहे ना? मी हो म्हणालो. त्यावर त्याने रोलर फिरवला. वरून सगळं टणक दिसत होतं.

हॅव्हरकॅम्पने त्याची कॉलर धरली, तेव्हा मी दहा पावलांवर होतो. तोंड उघडलं नाही.

पुढचे तीन दिवस स्ट्रिकलरशी कुणी बोललं नाही. वैमानिक त्याच्या बाजूने जाताना मुद्दाम खांदा मारत. जपान्यांच्याच गोदामातल्या तांदळाचा भात आम्ही दोन वेळा खायचो. रांगेत कुणीतरी त्याच्या हातातली थाळी उडवली आणि भात चिखलात गेला. त्याने थाळी उचलली, पुसली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मी ते पाहिलं आणि माझा भात संपवला. दोनदा त्याच्या तंबूपर्यंत गेलो, दोन्ही वेळा परत आलो. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. खरं म्हणजे सांगायचंच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी सव्वीस बॉम्बफेकी विमानं आली. आम्ही खंदकातून बाहेर आलो तर पट्टीवर अकरा खड्डे. वर आमची नऊ विमानं घिरट्या घालत होती. हॅव्हरकॅम्प त्यांत होता. त्यांच्याकडे अर्ध्या तासाचं पेट्रोल होतं. त्यानंतर समुद्र किंवा झाडं.

भरून ठेवलेल्या ट्रकांनी दहा खड्डे बुजले. अकरावा राहिला, सगळ्यात मोठा, ऐन उतरण्याच्या जागी. स्ट्रिकलर रोलरवरून उतरून माझ्याकडे आला.

"नदीची नको," तो हळूच म्हणाला. "खाणीतली आण."

एवढंच. चिडला असता तर बरं झालं असतं.

मी खाणीवर गेलो. गोळ्या त्या दिवशीही येत होत्या. खडी भरणाऱ्या दोघांपैकी एकाच्या दंडाला लागली, तरी ट्रक भरला. परत येऊन खडी ओतली, आणि स्ट्रिकलरने रोलर वर घेतला. तेवढ्यात मागे राहिलेली दोन जपानी लढाऊ विमानं झाडांवरून खाली आली. आम्ही सगळ्यांनी चरात उड्या मारल्या. चरातून मी पाहिलं, रोलर थांबला नव्हता. माणूस चालतो त्या गतीने तो पुढे जात होता, मागे येत होता. मशीनगनच्या गोळ्या धूळ उडवत पट्टीवरून सरकत आल्या, रोलरवरून गेल्या, पलीकडे निघून गेल्या.

रोलर चालतच राहिला. खड्डा ओलांडून सरळ गवतात निघाला.

मी धावत जाऊन वर चढलो आणि तो बंद केला. स्ट्रिकलर स्टिअरिंगच्या चाकावर ओणवा झाला होता. पोटातून रक्त वाहत होतं, पण शुद्धीवर होता.

"ती माती माझी होती," मी म्हणालो. "मी खाणीवर गेलोच नव्हतो."

"माहितेय. त्याच दिवशी उकरून बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"ड्रायव्हर तिघेच उरले होते. तुला कोठडीत टाकला असता, तर आज खडी कुणी आणली असती?" त्याने दम घेतला. "तुझ्यासाठी नाही केलं. गैरसमज नको." मग म्हणाला, "मला खाली घे. दोन फेऱ्या राहिल्यात. सावकाश चालव."

चरातून धावत आलेल्या दोघांनी त्याला गवतावर निजवलं. मी त्या ओल्या सीटवर बसलो आणि दोन फेऱ्या मारल्या. सावकाश. मग विमानं एकामागून एक उतरली. हॅव्हरकॅम्प शेवटी उतरला. त्याची चाकं अकराव्या खड्ड्यावरून गेली, खडी जराही दबली नाही. मी वळून पाहिलं, तेव्हा डॉक्टर स्ट्रिकलरच्या तोंडावर कापड ओढत होता.

हॅव्हरकॅम्प विमानातून उतरला, तसा मी त्याच्यासमोर गेलो आणि सगळं सांगितलं; नदी, माती, खोटं बोललो ते. मला वाटलं होतं तो मारेल. त्याने एकेक करून हातमोजे काढले.

"त्याचं नाव काय होतं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"उद्या सकाळी हे सगळ्यांसमोर बोलायचं. जेवणाच्या रांगेत. एकही शब्द गाळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रिकलरला नारळांच्या बागेपलीकडे पुरलं. तिथून आम्ही रांगेत आलो. दीडशे माणसं होती, हॅव्हरकॅम्प एका बाजूला उभा होता. मी थाळी धरून बोललो. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून काही वाक्यं दोनदा बोलावी लागली. ज्याने स्ट्रिकलरची थाळी उडवली होती, तो जमिनीकडे बघत होता. कुणी मारलं नाही.

आचाऱ्याने माझ्याकडे न पाहता थाळीत भात टाकला. मी तसाच उभा होतो.

"चल, पुढे सरक," मागचा म्हणाला. "बाराच्या आत खाणीच्या दोन खेपा करायच्यात."

मी पुढे सरकलो.